काळजीवाहू माळी आणि कळलावी

कळलावी लावणारा माणूस पहिली चूक पैसे देण्याआधीच करतो. जून लागलेला असतो, वळवाची एखादी सर पडून गेलेली असते आणि रोपवाटिकेतल्या एका पाटीत मातकट रंगाचे, बोटाएवढ्या जाडीचे, मधोमध वाकलेले कंद पडलेले असतात. गिऱ्हाईक त्यातला एक उचलतं, उलटासुलटा करतं आणि जन्मभर भेंडी निवडताना लागलेल्या सवयीनं त्याचं टोक अंगठ्यानं कट्कन मोडून बघतं. कंद ताजा असल्याची खात्री पटते. पैसे दिले जातात. आता फक्त तो उगवणार नसतो, एवढंच.

बटाट्याला अंगभर डोळे असतात. आल्याला आणि हळदीला पेरापेरावर कोंब फुटतात. त्यामुळे आपलं घरगुती कंदशास्त्र ‘तुकडा पाडा नि पुरा’ या एकाच सूत्रावर चालतं, आणि बहुतेक ठिकाणी ते चालतंही. कळलावी या सूत्रात बसत नाही. तिचा कंद बहुधा दोन हातांचा आणि कोनात वळलेला असतो. याच नांगरी आकारामुळे आयुर्वेदानं तिला लांगली म्हटलं. दोन हातांच्या दोन टोकांना एकेक डोळा. मधल्या भागात डोळा नाही, काही नाही, नुसता पिठूळ गर. टोक मोडलं की त्या हाताचा कारभार संपला. वाकणावर अलगद दोन भाग केले तर दोन रोपं मिळतात; टोकांशी चाळा केला तर एकही मिळत नाही. नेमका हाच चाळा आधी गिऱ्हाईक करतं, मग पिशवीत कोंबताना विक्रेता करतो, आणि या दोघांच्या तावडीतून सुटलेलं टोक स्कूटरच्या हुकाला लटकून घरी येताना मोडतं.

हीच वनस्पती कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर कुणाच्याही मदतीवाचून उगवते. श्रावण-भाद्रपदात घाटरस्त्यानं जाताना करवंदीच्या जाळीवर, घाणेरीच्या झुडपात, निवडुंगाच्या कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं दिसतात. तिथं तिला कुणी खत घालत नाही, कुणी माती बदलत नाही, आणि उन्हाळाभर टिपूसभर पाणी मिळत नाही. वरचा वेल दरवर्षी वाळून जातो, जमिनीखालचा कंद निवांत पडून राहतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा वर येतो. गाडीच्या काचेतून ते फूल बघून माणूस हळहळतो. मग शहरात परतून तिच्यासाठी चकचकीत कुंडी, कोकोपीटची वीट, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि फवाऱ्याची बाटली आणतो. कुंडीतल्या कळलावीला पुढे जे जे आजार होतात, त्यांतले बहुतेक या खरेदीच्या पिशवीतूनच घरात आलेले असतात.

कोकोपीटचंच बघा. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण, आणि कळलावीच्या कंदाला नेमकं तेच सोसत नाही. देशावरची चिकट काळी माती भरली तरी तीच गत. कोकणातला जांभ्याचा मुरमाड उतार पाण्याला थांबूच देत नाही. वरून कितीही कोसळो, सगळं खाली निघून जातं. कुंडीत हे जमवायचं तर पोयट्याची माती, तिच्यात तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा विटांचा चुरा, थोडं नीट कुजलेलं शेणखत आणि तळाची भोकं मोकळी, एवढं पुरतं. कंद आडवा निजवायचा, वर दोन-तीन इंच माती. इतपत सगळं माणसं शिकतात, करतात, आणि शेवटी कुंडीखाली ताटली ठेवतात. कारण खालच्या मजल्यावरून पाणी ठिबकल्याची तक्रार आलेली असते. ताटलीत पावसाचं पाणी साचतं, कुंडी आठवडाभर त्यात बसून राहते, कंद खालून सडत जातो, आणि खालच्या मजल्याशी संबंध मात्र उत्तम राहतात.

यानंतरचे तीन-चार आठवडे म्हणजे या सगळ्या उद्योगातला सर्वांत कठीण काळ. कठीण अशासाठी, की त्यात करण्यासारखं काहीच नसतं. जमीन ओली आणि उबदार झाली की कंद आपल्या सवडीनं जागा होतो. एखादा जूनमध्येच डोकं वर काढतो, एखादा जुलै अर्धा सरला तरी ढिम्म. घरातल्या माणसांना ही सवड मंजूर नसते. आधी पाणी दिलं जातं, मग थोडं जास्त पाणी. मग कुंडी सावलीतून उन्हात जाते, उन्हातून पागोळ्यांखाली येते. ‘अहो, शेजारच्यांची उगवली,’ अशी बातमी येते (शेजारच्यांचा तो वेल बहुधा कारल्याचा निघतो). आणि एका रविवारी घरातला सर्वांत जिज्ञासू सभासद चहाचा चमचा घेऊन कुंडीपाशी बसतो.

‘फक्त बघतोय.’

कळलावीचा कोंब भलताच ठिसूळ असतो आणि तो वर येताना माती हलवून कसलीही पूर्वसूचना देत नाही. ‘हा बघ, आलाय की कोंब!’ हे वाक्य पुरं होईपर्यंत कोंब चमच्यात असतो. त्या टोकाला दुसरा राखीव कोंब नसल्यामुळे तिथला त्या सालचा विषय संपतो. उकरून बघणाऱ्यांत यानंतर दोन पंथ पडतात. एक पंथ मोडका कोंब पुन्हा मातीत उभा करून, वरून थोडं पाणी शिंपडून, घरात कुणालाच काही सांगत नाही. दुसरा पंथ रोपवाटिकेत जाऊन भांडतो. कळलावीच्या मृत्यूचं कारण सगळीकडे ‘बुरशी’ असं नोंदवलं जातं. शवविच्छेदन केलं तर निम्म्या ठिकाणी चमचा निघेल.

कोंब सुखरूप वर आलाच, तर त्याला भेटायला पहिली येते गोगलगाय. पावसाळी रात्रीत कोवळं टोक खाऊन ती पहाटेपूर्वी कुंडीच्या कडेखाली जाऊन झोपते, आणि सकाळी दोष कबुतरांना दिला जातो. रात्री विजेरी घेऊन तिला उचलून टाकणं हा उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे. मीठ टाकणारे लोक गोगलगाय मारतात आणि त्याबरोबर कुंडीतली मातीही.

वेल हात-दीड हात वाढेपर्यंत स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि मग आधार शोधू लागतो. इथं घोळ होतो तो बांबूचा. काकडी-दोडक्याला पानांखेरीज वेगळे तणावे असतात. कळलावीला ते नाहीत. तिच्या पानाचंच टोक लांब होऊन गुंडाळतं आणि तेवढ्यावर ती चढते. पानाच्या टोकाची ती गुंडाळी केवढीशी! तिच्या कवेत सुतळी येईल, तार येईल, बारीक डहाळी येईल. तिच्यापुढं मनगटाएवढा बांबू रोवणाऱ्याचा हेतू थोर असतो, पण ते बोटभर पान बांबूला वळसा घालू शकत नाही. वेल दोन दिवस बांबूशेजारी ताटकळतो आणि तिसऱ्या दिवशी जमिनीवर लोळण घेतो. मग माणूस त्याला सुतळीनं बांबूला जखडतो, गाठ काचते, वाऱ्यानं वेल तिथंच मोडतो. बांबू मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

कोंबडीजाळी, उभ्या ताणलेल्या सुतळ्या, खिडकीचा बारीक गज, जुनी मच्छरदाणी, यांतलं काहीही तिला चालतं. सर्वांत बरं म्हणजे शेजारी एखादं तगरीचं किंवा मोगऱ्याचं झुडूप असू द्यावं. रानात ती हेच करते, दुसऱ्याच्या फांद्यांवर चढून स्वतःची फुलं मिरवते. कपडे वाळत घालायची दोरी तिला फार आवडते. दोरीवरच्या बनियनचा पट्टासुद्धा सुतळीइतकाच जाड असतो, हे माणसांच्या लक्षात येण्याआधी तिच्या लक्षात येतं. आषाढात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि पानाला वळसा घालायला तेवढा वेळ बक्कळ होतो. मग दौलत कोणाची, वेलाची की बनियनच्या मालकाची, यावर घरात खल होतो. ज्या घरात बनियन दोरीवरच राहिलं, त्या घरात फुलं येतात.

आणि फुलं आली की तक्रारी येतात. कळी हिरवट असते आणि मान खाली घालून लटकते, म्हणून ‘वाकली, पाणी कमी पडतंय’ असा निष्कर्ष निघतो. उमलल्यावर सहाही पाकळ्या मागं वळून उभ्या राहतात, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारख्या, म्हणून ‘फूल उलटं आलं’ असं ठरतं. पाकळ्यांच्या कडा नागमोडी, म्हणून ‘रोग पडला’. सहा पुंकेसर आडवे पसरलेले असतात आणि स्त्रीकेसराची दांडी मुळाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला निघून गेलेली असते, म्हणून कुणीतरी ती सरळ करायला जातं. वर रंगाचा गोंधळ निराळाच. पाकळी आधी हिरवट-पिवळी, मग केशरी, आणि वय झालं की पुरती लाल. एकाच वेलावर निरनिराळ्या वयाची फुलं निरनिराळ्या रंगांत दिसतात. लाल फोटो बघून कंद घेतलेला माणूस पहिलं पिवळसर फूल बघून फसवणुकीची भाषा करतो. विक्रेत्यानं अशा वेळी चार दिवस फोन न उचलणं सर्वांच्या हिताचं असतं.

फुलं मुळीच आली नाहीत तर मामला गंभीर होतो, कारण मग सल्ले सुरू होतात. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्याच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, आंबट ताक. घरात जे जे टाकून द्यायचं असतं ते ते कुंडीला पौष्टिक, असं एक मत आपल्याकडे गेल्या काही वर्षांत फार बळावलं आहे. प्रत्यक्षात फुलं न येण्याची कारणं मोजकी असतात. ऊन कमी पडतं. तिला बुंध्यापाशी सावली चालते, पण शेंड्याला ऊन लागतं. किंवा नत्राचं खत इतकं झालेलं असतं की नुसता पाला माजतो. किंवा कंदच करंगळीएवढा असतो. लहान कंद पहिल्या पावसाळ्यात पानंच काढतो, स्वतःला पोसतो आणि पुढच्या साली फुलांचं बघतो. बियांपासून वाढवणाऱ्याची गोष्टच वेगळी. बी रुजायलाच कित्येक आठवडे, कधी महिने घेतं, आणि पहिलं फूल यायला तीन-चार पावसाळे जातात. तोवर भाड्याच्या घराचे करार दोनदा बदललेले असतात.

यापुढचा पाहुणा गोगलगायीइतका लाजरा नाही. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके, भर दिवसा पानावर बसलेली, कुणालाही न भिणारी अशी अळी एका सकाळी दिसते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो. ‘किती सुंदर! फुलपाखराची दिसते. कुणी मारू नका.’ बदाम येतात, नमस्कार येतात, कुणीतरी जैवविविधतेवर तीन परिच्छेद टाकतं. ही अळी फुलपाखराची नसून पतंगाची असते. शास्त्रज्ञांनी त्याचं नावच पॉलिटेला ग्लोरिओसी, म्हणजे कळलावीवरचा पतंग, असं ठेवलं आहे. कळलावीखेरीज नागदवणा आणि त्याच्या भाऊबंद लिलींवरही तो ताव मारतो. कळलावीची पानं विषारी. गाय-बकरी तिच्या वाटेला सहसा जात नाही, पण ही अळी ती पानं बेधडक खाते आणि तिच्या भडक रंगाचा अर्थ पक्ष्यांना बरोबर कळतो. ग्रुपवर चर्चा रंगेपर्यंत वेलावर फक्त देठ उरतात. फवारणीची गरज नसते. पानांमागं बघून अळ्या हातमोजा घालून वेचल्या की भागतं. प्रश्न तंत्राचा नसून पदाचा आहे. ग्रुपवर ज्यानं ‘मारू नका’ लिहिलं, त्याच्याच कुंडीत दुसऱ्या दिवशी त्या सापडल्या, तर त्यानं काय करायचं? अशा वेळी अळ्या बहुधा रात्री, दिवा न लावता, जिन्याखालच्या लिलींत स्थलांतरित होतात.

हातमोज्याचा विषय निघालाच आहे तर थोडं गंभीर. कळलावी विषारी आहे म्हणजे नखशिखांत विषारी आहे. कंद आणि बिया तर सर्वांत जास्त. तिच्यात कोल्चिसीन नावाचं अल्कलॉइड असतं. आयुर्वेदानं लांगलीची गणना उपविषांत केली आणि शुद्धी केल्याखेरीज ती वापरायची नाही असं बजावलं. कंद रताळं किंवा कोनफळासारखा एखादा खाण्याचा कंद समजून खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या, माणसं दगावल्याच्या नोंदी भारतात आणि श्रीलंकेत आहेत. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव हात टेकत जातो. त्यातून जो वाचतो त्याचे केस काही दिवसांनी गळून पडतात. 1966 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशाच एका रुग्णाची हकिकत छापून आली होती. त्यामुळे लहान मूल किंवा कुत्रं असलेल्या घरात कुंडी उंचावर हवी, आणि शेंगा पिकून फुटायच्या आत काढलेल्या बऱ्या. आतल्या लालसर बिया दिसायला फार लोभस असतात.

हेच कोल्चिसीन योग्य हातांत आणि अगदी सूक्ष्म मात्रेत औषध होतं. गाऊटनं सुजलेल्या अंगठ्यावर डॉक्टर ते देतात. 1937 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या साहाय्यानं वनस्पतींच्या पेशींतली गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली, आणि पुढं त्याच वाटेनं बिनबियांचं कलिंगड आलं. कलिंगड खाताना बिया थुंकाव्या लागत नाहीत, यामागं अशा एका विषाचा हात आहे, हे फळवाल्यानं पाटीवर लिहिलेलं अजून कुठं पाहण्यात नाही.

विषापेक्षा घरातली वडीलधारी मंडळी अडतात ती निराळ्याच कारणासाठी. ‘कळलावी दारात नको, घरात भांडणं लागतात,’ असं अनेक घरांत ऐकायला मिळतं. पूर्वी सुईणी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावत, आणि नाव पडलं ते त्यावरून. पण नावाची कीर्ती बाळंतघरात थांबली नाही. सुनेनं कुंडी आणली, सासूबाईंनी ती बाहेर ठेवली, सुनेनं पुन्हा आत घेतली, यावरून दोघींत जे काही झालं ते कळलावीच्याच खात्यावर जमा होतं आणि समजूत अधिक पक्की होते. तिकडं कोकणात याच फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि भाद्रपदात तेरड्याबरोबर मानानं घरात आणतात. म्हणजे एकाच घराण्यातली पुण्यातली शाखा जे फूल उंबऱ्याबाहेर ठेवते, तेच गावाकडची शाखा पाटावर बसवते, हळदकुंकू वाहते. गणपतीला सगळे गावी जमले की शहरातल्या काकू त्या फुलांकडे बघून काही बोलत नाहीत. भांडण तेवढ्यापुरतं टळतं.

तमिळ कवींनाही या फुलात हातच दिसले होते. संगमकाळच्या काव्यात नायिकेच्या बोटांना कांदळाची उपमा वारंवार येते, आणि कांदळ म्हणजे आपली कळलावीच. आज ती तमिळनाडूचं राज्यफूल आहे, आणि तिथं दिंडीगुल, करूर, तिरुप्पूर या भागांत तिची शेती होते. ही शेती फुलांसाठी नव्हे, बियांसाठी. बियांतलं कोल्चिसीन औषध कंपन्यांना हवं असतं. तारांच्या मांडवांवर एकरच्या एकर कळलावी चढलेली असते. स्त्रीकेसर पुंकेसरांपासून तोंड फिरवून बसल्यामुळे कीटकांवर विसंबून पुरेसं बी धरत नाही, म्हणून मजूर सकाळी सकाळी फुलाफुलापाशी जाऊन हातानं पराग लावतात. कुंडीतलं एक फूल उलटं आलं म्हणून अस्वस्थ होणाऱ्या माणसाला या शेतकऱ्यांपुढे उभं करायला हवं. त्यांच्या काळज्या वेगळ्या असतात: महाग बेणं, कंद सडणं, करपा, आणि बियांचा भाव, जो कधी डोक्यावर घेतो आणि कधी डोक्यावरून आपटतो.

झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल. 1947 मध्ये, तो देश दक्षिण ऱ्होडेशिया असताना, तिथल्या शाळकरी मुलांतर्फे राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवशी हिऱ्यांनी मढवलेली कळलावी भेट मिळाली, छातीवर लावायची. या कळलावीला ना गोगलगाय लागली ना अळी. जपानमधल्या कोची भागात ती हरितगृहांत पिकते आणि फुलदाण्यांसाठी विकली जाते. उलट ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर, बागांतून निसटलेली कळलावी वाळूच्या टेकड्यांवर इतकी माजली आहे की तिला तण ठरवून उपटावं लागतं. नुसती वाळू, खारा वारा, खत शून्य, आणि कोकोपीटचं नाव नाही. पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरून ही बातमी वाचणाऱ्याला काय वाटत असेल, ते न विचारलेलं बरं.

आश्विन संपता संपता पानं पिवळी पडू लागतात. वेलाची वर्षभराची कमाई आता खाली कंदात उतरत असते: जुना कंद आक्रसून जातो आणि त्याच्या जागी नवा, बहुधा पुन्हा दोन हातांचा, तयार होतो. घरात मात्र सुतकी वातावरण पसरतं. पिवळं पान दिसलं की पाणी घालायचं, ही आपल्याकडची ठाम श्रद्धा. पाणी वाढतं, पानं आणखी पिवळी पडतात, म्हणून पाणी आणखी वाढतं. सगळ्या पावसात न सडलेला कंद कार्तिकात, कोरड्या हवेत, माणसाच्या हातून सडतो. या टप्प्यावर करायचं ते इतकंच, की पाणी कमी करत न्यायचं, वेल पुरता वाळला की बंद करायचं, आणि कुंडी कोपऱ्यात, पाऊस-पाण्यापासून लांब सरकवून जूनपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. सात-आठ महिने रिकामी दिसणारी कुंडी घरात बाळगणं मात्र सोपं नसतं. जाता-येता तिच्यात उरलेल्या पेल्यातलं पाणी ओतलं जातं. बागेला पाणी घालणारा गडी प्रामाणिक असेल तर संकट अधिकच मोठं. कुणी ‘पाणी घालू नये’ अशी चिठ्ठी लावतो. पाणी घालणारा चिठ्ठी भिजू नये म्हणून ती काढून ठेवतो आणि मग पाणी घालतो.

दिवाळीच्या साफसफाईत यातल्या कित्येक कुंड्या ओतल्या जातात. ओतल्या नाहीत, तर त्यांत कोथिंबीर पेरली जाते. ‘एवढी चांगली माती फुकट कशाला?’ कोथिंबीर उपटताना मुळाशी हाताला एक गुबगुबीत कंद लागतो, आणि घरातल्या काटकसरी माणसाच्या डोळ्यांत रताळ्याची आशा चमकते. म्हणून या कुंडीत खाण्याचं काहीही पेरू नये, आणि कंद काढून ठेवायचे झाले तर स्वयंपाकघराच्या आसपासही आणू नयेत. नवे कंद बरेचदा खोल जातात आणि कुंडीच्या कडेला चिकटून बसतात. तेव्हा खुरपं न चालवता सगळी माती एकदम पालथी करून हातानं वेचणं बरं.

न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत हा प्रश्न जरा वेगळा होतो. तिथं हिवाळ्यात माती गोठते, म्हणून पानं वाळल्यावर कंद काढावेच लागतात. ते कोरड्या भुश्यात किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये घालून, गोठणार नाही अशा तळघरात वसंत ऋतू लागेपर्यंत ठेवायचे. (कंद तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावेत. गावाकडून बॅगेत लोणच्याशेजारी कंद नेणाऱ्यांची विमानतळावर कस्टमशी जी चर्चा होते, तिच्यात जिंकल्याचं कुणी सांगत नाही.) तळघरात तांदळाची पोती, डाळी आणि हळदीचे डबे असतात, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबाही घरात असतात. आईला सकाळी पाच वाजता चहा लागतो आणि तळघरातला दिवा मंद असतो. म्हणून शहाणी मुलगी कंदांच्या डब्याला दोन फेरे चिकटपट्टी मारते आणि झाकणावर लाल शाईनं, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते: ‘हे आलं नाही.’